वीर बाबूराव शेडमाके : चरित्र आणि वंशशोध

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
१. बाबूराव शेडमाके यांच्या जीवनातील प्रमुख घटना सांगता येतील.
२. दप्तर आणि मौखिक परंपरा या दोन चरित्रसाधनांतील फरक स्पष्ट करता येईल.
३. व्यक्तिनामे आणि ग्रामनामे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना कशी बदलतात, हे ओळखता येईल.
४. आपल्या कुटुंबाची वंशावळ शोधताना कोणती दक्षता घ्यावी, हे सांगता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे अभ्यासली. चरित्रकार सामान्यतः नायकाचे कुल, माता-पिता, जन्मस्थळ आणि जन्मतिथी यांपासून आरंभ करतो. राजघराण्यातील किंवा शहरी सुशिक्षित कुटुंबातील व्यक्तीचे चरित्र लिहिताना हा आरंभ सोपा असतो. कुलवृत्तांत, पत्रव्यवहार, शाळेचे दाखले अशी साधने हाताशी असतात. परंतु ज्या समाजाची भाषा लिहिली जात नव्हती आणि ज्याची नोंद परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या गरजेपुरतीच ठेवली, त्या समाजातील व्यक्तीचे चरित्र कसे लिहावे? चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील क्रांतिवीर बाबूराव शेडमाके यांच्या जीवनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार आपण येथे करणार आहोत.

आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. बाबूरावांच्या काळी हा सर्व प्रदेश 'चांदा' या एकाच नावाने ओळखला जाई. वाचताना हे ध्यानात ठेवावे.

विषय-विवेचन

१. घराणे, जन्म आणि बालपण

बाबूराव हे राजगोंड समाजातील शेडमाके कुळाचे. अहेरीच्या मुलखातील मोलमपल्लीची जमीनदारी त्यांच्या घराण्याकडे होती. त्यांच्या वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू आणि आईचे नाव जुर्जाकुंवर असे परंपरा सांगते. अहेरी तालुक्यातील किष्टापूर हे त्यांचे जन्मस्थळ आणि १२ मार्च १८३३ ही त्यांची जन्मतिथी मानली जाते. दरवर्षी याच दिवशी त्यांची जयंती साजरी होते.

येथे 'परंपरा सांगते' आणि 'मानली जाते' हे शब्दप्रयोग मुद्दाम केले आहेत. १८३३ साली चांद्याच्या अरण्यात जन्मलेल्या बालकाची नोंद करणारी कोणतीही सरकारी व्यवस्था नव्हती. मध्य प्रांतातील पहिली जनगणना १८६६ साली झाली. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवण्याची पद्धत त्याही नंतर रुजली. बाबूरावांचे आयुष्य या सर्वांच्या आधीच संपले होते. त्यांचे माता-पिता कोण, हे आपल्याला समजते ते त्यांच्या समाजाने ते स्मरणात ठेवले म्हणून.

बालपणी त्यांनी गोटुलात आपल्या समाजाचे शिक्षण घेतले आणि पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना रायपूरला पाठविण्यात आले, असेही परंपरा सांगते. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोटुल ही गोंड समाजाची युवागृह-संस्था होय. तेथे गीते, नृत्य, कुळाचे नियम आणि ज्येष्ठांच्या कथा यांचे संस्कार होत. आपण कोणाचे, कोणाशी आपली सोयरीक होऊ शकते आणि कोणाशी होऊ शकत नाही, याचे ज्ञान तरुणांना तेथे मिळे.

२. वारसाचा प्रश्न आणि नागपूरचे राज्य

बाबूरावांच्या बंडाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी वारस आणि दत्तक यांच्या प्रश्नाकडे वळावे लागते. चांद्याच्या गोंड राजघराण्यात हा प्रश्न पूर्वी उद्भवला होता. राजा बीरशाह यांना पुत्र नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर राणी हिराई यांनी रामशाह यांस दत्तक घेऊन राज्य सांभाळले. प्रजेने हा दत्तक राजा म्हणून स्वीकारला. पुढे १७५१ मध्ये चांदा नागपूरच्या भोसल्यांच्या ताब्यात गेले.

शंभर वर्षांनंतर हाच प्रश्न नागपूरच्या भोसल्यांपुढे उभा राहिला. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. राजस्त्रियांनी केलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीने मान्य केला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही कंपनीच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आले. पुत्र कोणाला म्हणावे, हा प्रश्न पूर्वी कुळाचे लोक आणि जाणती माणसे सोडवीत. तो आता कलकत्त्याच्या कचेरीत सुटू लागला. वंश म्हणजे कागदावर मान्य झालेला वंश, ही कल्पना या प्रदेशात अशी प्रवेश करती झाली. बाबूराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

३. १८५८ चा लढा

नव्या अंमलाने जमीनदारांच्या जुन्या अधिकारांत हात घातला. कर, न्याय आणि जंगल यांविषयीचे निर्णय चांद्याच्या डेप्युटी कमिशनरकडे गेले. उत्तर हिंदुस्थानात १८५७ चा उठाव सुरू झाल्याच्या वार्ता अरण्यातही पोचल्या. बाबूरावांनी गोंड तरुण आणि रोहिले यांना एकत्र करून फौज उभी केली. हीच फौज 'जंगोम दल' या नावाने स्मरली जाते.

मार्च १८५८ मध्ये या फौजेने राजगड परगण्यावर हल्ला केला. कंपनीच्या बाजूने चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन यांनी सैन्य पाठविले. अडपल्ली आणि घोट येथील जमीनदार व्यंकटराव हेही बाबूरावांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ या ठिकाणच्या चकमकींचा उल्लेख या लढ्याच्या कथनांत येतो. डोंगर, नाले आणि दाट सागवान यांचा आश्रय घेऊन लढणाऱ्या या फौजेने कंपनीच्या सैन्याला अनेकदा मागे रेटले.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी येथील तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा कर्मचारी निसटला आणि क्रायटन यांच्यापर्यंत पोचला. तारायंत्रावर कंपनीची फौज आणि वार्ता यांची हालचाल अवलंबून होती. या घटनेनंतर बाबूरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले.

४. अटक आणि फाशी

बाबूरावांना रणांगणात पकडणे कंपनीच्या सैन्याला साधले नाही. तेव्हा क्रायटन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. अहेरी ही चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती आणि मोलमपल्ली तिच्याच मुलखात येत होती. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना भोपालपट्टणम येथे एकदा पकडले, परंतु ते निसटले, असे सांगतात. पुढे सप्टेंबर १८५८ मध्ये ते पुन्हा हाती लागले आणि त्यांना चांद्यास नेण्यात आले.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. चंद्रपूरच्या कारागृह परिसरातील पिंपळवृक्ष आजही त्यांच्या बलिदानाचे स्थळ म्हणून पूज्य मानला जातो. फासाचा दोर पुनःपुन्हा तुटला, अशी लोककथा आहे. या फाशीनंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचा कारभार संपला.

व्यंकटराव बस्तरच्या अरण्यात गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली व घोट येथील जमीनदाऱ्या लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून देण्यात आल्या.

५. दप्तरातील बाबूराव

आता याच जीवनाकडे दप्तराच्या बाजूने पाहू. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ साली सिद्ध केला. जिल्ह्याचा इतिहास सांगताना त्यांनी १८५८ च्या बंडाचीही हकिकत दिली. पुढच्या गॅझेटियरांनी तिचा आधार घेतला. या परंपरेत बाबूराव येतात ते मोलमपल्लीचे जमीनदार म्हणून आणि बंडखोर म्हणून. हल्ला, अटक आणि फाशी यांच्या तारखा मिळतात. माता-पिता, कुळ, पत्नी आणि जन्म यांविषयी हे कथन मौन बाळगते.

यामागे लेखकाचा आकस असेलच असे नाही, हे नीट समजून घ्या. दप्तर वंशावळ विचारते ती एखाद्या कामासाठी. रिचर्ड टेंपल यांनी १८६३ मध्ये मध्य प्रांतातील जमीनदाऱ्यांविषयी अहवाल लिहिला. जमीनदाराचा दर्जा काय, गादी कोणाला मिळते, ती विभागता येते की नाही, हे सरकारला ठरवायचे होते. अशा चौकशीत घराण्याचा वंशवृक्ष उपयोगी पडे. ज्या जमीनदाराला फाशी झाली, त्याचा बाप कोण हे जाणण्याची सरकारला गरज उरली नव्हती.

याच्या उलट उदाहरण पाहा. त्याच शतकात हिंदुस्थानातून मॉरिशस, फिजी आदी वसाहतींत करारबद्ध मजूर पाठविले गेले. त्यांत कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी मजूरही होते. या मजुरांच्या नोंदपत्रांत नाव, पित्याचे नाव, जात, गाव आणि जिल्हा असा तपशील लिहिला जाई. मजूर पळाला तर ओळखता यावा, हा हेतू त्यामागे होता. परंतु त्या नोंदींमुळे आज मॉरिशसमधील वंशज आपल्या पणजोबांचे गाव शोधू शकतात. अशा रीतीने एखाद्या निर्धन मजुराच्या पित्याचे नाव दप्तरात सापडते आणि जमीनदार असलेल्या बाबूरावांच्या पित्याचे नाव मात्र लोकांच्या मुखातून घ्यावे लागते. दप्तरातील मौनाचा अर्थ 'पिता अज्ञात होता' असा लावणे म्हणूनच चूक ठरते. तो केवळ विचारला गेला नव्हता.

लक्ष्मीबाईंची गोष्टही याच प्रकारची आहे. त्यांचा उल्लेख अहेरीच्या जमीनदारीण असा येतो. स्त्रीची ओळख अशा कागदांत तिच्या हाती असलेल्या जमिनीवरून किंवा पतीवरून होते. तिचे माहेरचे कुळ बहुधा वगळले जाते. पूर्वज शोधणाऱ्यास मातृपक्षाच्या शाखा बहुतेक वेळा एक-दोन पिढ्यांतच तुटलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

६. नावांचा प्रवास

भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे असा भाग आता येतो. चांदा हा भाषांच्या सीमेवरचा प्रदेश आहे. गोंडी ही द्राविडी भाषा, दक्षिणेकडून आलेली तेलुगू, कारभाराची मराठी आणि वरिष्ठ कचेरीची इंग्रजी अशा चार भाषांतून एकच नाव फिरत असे. प्रत्येक टप्प्यावर लेखनिक आपल्या कानाला आणि लिपीला झेपेल असे रूप लिहीत असे.

बाबूरावांचे कुलनाम 'शेडमाके' असे मराठीत रूढ आहे. 'सेडमाके' आणि 'सेडमाकी' अशीही रूपे आढळतात. गोंडीच्या मूळ ध्वनिव्यवस्थेत 'श' आणि 'स' यांत अर्थभेद करणारा विरोध नाही. त्यामुळे मराठी लेखनिकाने 'श' लिहिला आणि तेलुगूभाषकाने 'स' लिहिला, तरी कुळ एकच राहते. वडिलांचे नाव 'पुल्लेसूरबापू'. त्यातील 'बापू' हा आदरवाचक भाग. अलीकडच्या लेखनात त्याचे 'पुलेश्वर' असे संस्कृतसदृश रूप होते. वंशावळीच्या रचनेशी अपरिचित असलेला वाचक पुल्लेसूर आणि पुलेश्वर हे दोन भिन्न पुरुष समजू शकेल. खुद्द चरित्रनायकाचे नाव कोठे 'बाबूराव' तर कोठे 'बापूराव' असे येते.

ग्रामनामांचेही असेच आहे. 'मोलमपल्ली' इंग्रजी साधनांत 'मोनमपल्ली' होते. 'अडपल्ली'चे 'आरपल्ली' होते. या दुसऱ्या बदलाचे कारण उघड आहे. दोन स्वरांमधला 'ड' जिभेच्या फटक्याने उच्चारला जातो आणि रोमन लिपीत तो 'र'च्या अक्षराने लिहिण्याची प्रथा होती. 'गडचिरोली' हे नावही जुन्या इंग्रजी ग्रंथांत 'गढचिरोली' अशा उच्चारासाठी 'र' घालून लिहिलेले दिसते. ते रोमन रूप पुन्हा देवनागरीत आणताना नवे रूप जन्माला येते. त्यात मोडी लिपीची भर पडते. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार वेगळे दाखविले जात नाहीत. त्यामुळे देवनागरीत उतरवून घेताना वाचणाऱ्याला स्वरांची निवड आपल्या तर्काने करावी लागते.

हा नियम राज्यकर्त्यांच्या नावांनाही लागू पडतो. क्रायटन यांचे नाव मराठी पुस्तकांत 'क्रिक्टन' असे सर्रास आढळते. फरक इतकाच, की नाव बदलले म्हणून क्रायटन यांच्या वारसांच्या हक्कावर गदा आली नाही.

७. प्रधानांची परंपरा

मग बाबूरावांचे कुळ जतन कोणी केले? गोंड समाजात कुळांचे गट देवसंख्येनुसार मानले जातात. चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे हे गट असून एका गटातील कुळांत परस्पर विवाह होत नाहीत. त्यामुळे आपले कुळ विसरणे समाजात कोणालाच परवडत नाही. प्रत्येक सोयरिकीच्या वेळी कुळाची उजळणी होते.

या ज्ञानाचे परंपरागत रक्षक म्हणजे प्रधान. किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने ते कुळाच्या उत्पत्तीच्या आणि पूर्वजांच्या कथा गातात. हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे. सेतुमाधवराव पगडी यांनीही आदिलाबादमध्ये राहून गोंडी भाषेचा आणि गोंड समाजाचा अभ्यास केला.

मात्र मौखिक परंपरेच्याही मर्यादा आहेत. तिला कुळ, नाते आणि पराक्रम यांची नेमकी आठवण असते, परंतु इंग्रजी महिन्यातील तारीख ही तिची स्वाभाविक गरज नसते. ती नायकाभोवती अद्भुत घटना गुंफते. दोर तुटल्याच्या कथेवरून फाशीचा वृत्तांत ठरविता येणार नाही. पण परक्या सत्तेचा न्याय लोकांनी मनोमन मान्य केला नव्हता, हे त्या कथेवरून निश्चित कळते. चरित्रकाराने तारखेसाठी दप्तराकडे आणि कुळासाठी परंपरेकडे जावे. कोणते विधान कोठून घेतले, हे वाचकाला स्पष्ट दिसू द्यावे.

८. आजचा वंशशोध

हा प्रश्न केवळ ग्रंथालयापुरता नाही. तुमच्यापैकी अनेकांना जात वैधता प्रमाणपत्रासाठी घरातील जुने कागद शोधावे लागले असतील. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व दिले जाते. त्यासाठी कोतवाल पंजी, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, बंदोबस्ताची मिसल, अधिकार अभिलेख अशा कागदांचा शोध घेतला जातो. आजोबांचे कुलनाम एका कागदावर 'श'ने आणि दुसऱ्यावर 'स'ने लिहिलेले असले, की नातवाचा अर्ज अडतो. ज्या भाषिक बदलांची आपण चर्चा केली, तेच येथे एखाद्याच्या शिक्षणाच्या आड येतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल टाकले. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. परंतु या कायद्याच्या नियमांनी पुरावा म्हणून केवळ सरकारी कागद मागितला नाही. गावातील ज्येष्ठांचे लेखी नोंदविलेले कथन आणि जुन्या नोंदींतील व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळ यांनाही पुराव्याचे स्थान दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. ज्या प्रदेशात १८५४ साली कागदाने वंश नाकारला होता, त्याच प्रदेशात स्मृतीला आता कागदाशेजारी बसण्याचा अधिकार मिळाला आहे.

म्हणून घरातील वृद्ध व्यक्ती हयात असतानाच त्यांचे कथन लिहून घ्या. नावाचे प्रत्येक रूप जसे आढळले तसे नोंदवा. एकच रूप 'शुद्ध' ठरवून बाकीची खोडू नका, कारण खोडलेल्या रूपानेच कदाचित तुमचे पणजोबा एखाद्या मिसलीत नोंदलेले असतील. आजी आणि पणजी यांचे माहेरचे कुळ आवर्जून विचारा. जे सापडले नाही, ती जागा मोकळी ठेवा. तेथे सोयीचे नाव बसविल्यास पुढील पिढीचा शोध चुकीच्या वाटेला लागतो.

सारांश

बाबूराव शेडमाके यांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. त्यांतील शेवटच्या काही महिन्यांची नोंद राज्यकर्त्यांनी ठेवली आणि उरलेले आयुष्य समाजाने स्मरणात जपले. त्यांचे माता-पिता अज्ञात नव्हते. ते अलिखित होते. दप्तर आणि परंपरा या दोहोंचे प्रयोजन भिन्न असल्याने त्यांच्या मर्यादाही भिन्न आहेत. नावांची बदलती रूपे ध्वनी आणि लिपी यांच्या नियमांनी उलगडतात. या सर्वांचा मेळ घालणे हे चरित्रकाराचे आणि वंशशोधकाचेही काम आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. दप्तराने बाबूरावांच्या माता-पित्यांची नोंद का केली नाही, याची कारणे स्पष्ट करा.
२. 'शेडमाके' आणि 'अडपल्ली' या नावांच्या पर्यायी रूपांमागील भाषिक कारणे सांगा.
३. गोंड समाजातील कुलव्यवस्था आणि प्रधानांची परंपरा यांचे चरित्रसाधन म्हणून मूल्यमापन करा.
४. उपक्रम : आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांची नावे मातृपक्ष आणि पितृपक्ष या दोन्ही बाजूंनी लिहा. प्रत्येक नाव कोणाच्या कथनातून किंवा कोणत्या कागदातून मिळाले, हे त्यापुढे नोंदवा.